छोटा लूप अँटेना बांधू का? जाणकार म्हणतात, 'थिअरीत बसत नाही'

नवी_लहर: मंडळी, हौशी रेडिओसाठी अँटेना हवाय, पण माझ्याकडे जागा फक्त बाल्कनीची. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (सरळ ताणलेल्या तारेच्या नेहमीच्या अँटेनाला) वीसेक मीटर तार लागते, ती ताणणं शक्यच नाही. २२ मिमी तांब्याच्या नळीचा १ मीटर व्यासाचा लूप करावा म्हणतोय. अनुभवी लोक ऐकूनच हसतात. उलट एका ठिकाणी वाचलं की नव्या रचनेचा हातभर अँटेना पूर्ण डायपोलच्या तोडीचा, एसडब्ल्यूआर (अँटेनाच्या जुळणीचा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.१! कोणाचं ऐकू?

तांब्याची_तार: लूप बांधाच. तो थिअरीत अगदी नीट बसतो, हसणाऱ्यांनी गणित केलेलं नाही एवढंच. तुमच्या मापाला रेडिएशन रेझिस्टन्स (ऊर्जा हवेत सोडणारा रोध) साधारण ०.००६ ओहम येतो आणि नळीचा स्वतःचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास. म्हणजे शंभरातले सोळा वॅट हवेत जातील, बाकीची उष्णता. डायपोलपेक्षा सुमारे ८ डेसिबल कमी, एस-मीटरवर (रिसीव्हरच्या सिग्नल-मापकावर) दीड घरही नाही. मोर्स किंवा एफटी८ (संगणकातून पाठवायचे छोटे संदेश) वर मजेत बोलाल. हाच लूप १४ मेगाहर्ट्झवर लावलात तर कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या पुढे जाते. मात्र लूप ट्यून करणाऱ्या कपॅसिटरचे आणि सांध्यांचे तोटे यात धरलेले नाहीत, म्हणून सांधे डाग देऊन पक्के करा, स्क्रूवर भागवू नका.

जुना_ऑपरेटर: हातभर अँटेनाच्या दाव्यावर मी कडक बोलणार. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, ऊर्जा उष्णतेत जिरवणारा रोध) एसडब्ल्यूआर १.१ असतो. तो आकडा फक्त जुळणी सांगतो, किती ऊर्जा बाहेर पडली ते नाही. अशा 'चमत्कारां'त बहुतेकदा कोॲक्सची (अँटेनाला जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळीच प्रसारण करत असते. फेराइट कड्यातून केबलचे वेढे घेऊन अँटेनापाशी चोक (जाळीवरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) लावा आणि मग सिग्नल बघा. पडला, तर काम केबल करत होती.

तांब्याची_तार: पटलं. पण हे करून बघायला सांगा, हसू नका. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी दिल्या, कारण त्या निरुपयोगी मानल्या जात. १९२१ च्या डिसेंबरात त्याच लोकांचे सिग्नल स्कॉटलंडमध्ये ऐकू आले! आणि छोट्या अँटेनावर जी मर्यादा नेहमी फेकून मारतात, ती अँटेना-संशोधक चू यांची १९४८ ची. ती एवढंच म्हणते की आकार घटला की बँडविड्थ (एका ट्यूनिंगमध्ये चालणारा फ्रीक्वेन्सींचा पट्टा) आकसते. अँटेना चालणारच नाही असं त्यात कुठेही नाही.

नवी_लहर: मग तुलना कशी करू? जुन्या डायपोलची तार मित्राच्या गच्चीवर लावता येईल.

जुना_ऑपरेटर: उत्तम. दोन्हीकडून एकाच वेळी, सारख्या पॉवरवर विस्पर (क्षीण सिग्नल कुठे, किती ऐकू आला ते नोंदवणारी पद्धत) सोडा. कोॲक्समधला तोटा दोन्हीकडे मोजून घ्या. मग दोघांनाही ऐकणाऱ्या स्टेशनांचेच आकडे शेजारी ठेवा, निरनिराळ्या वेळी, काही दिवस. एका लांबच्या संपर्कावरून निकाल देऊ नका, त्या दिवशी आयनोस्फिअरच (लहरी परत खाली पाठवणारा वातावरणाचा वरचा थर) मेहरबान असेल. दोन जागा वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन-तीन डेसिबलच्या फरकावर भांडण नको. फरक ८ च्या आसपास आला तर गणित खरं. लूपने डायपोलला गाठलं तर चोक तपासा, आणि तरीही तसंच राहिलं तर इथे मापं टाका, मी स्वतः तसाच लूप बांधून बघेन.

तांब्याची_तार: कपॅसिटर जपून निवडा. १० वॅटलाही त्यावर दीड हजार व्होल्टच्या वर येतात. साधारण २०० पिकोफॅरड लागतील, व्हॅक्यूम किंवा बटरफ्लाय प्रकारचा घ्या. बँडविड्थ जेमतेम काही किलोहर्ट्झ, त्यामुळे फ्रीक्वेन्सी सरकवली की पुन्हा ट्यून करावं लागेल. कपॅसिटर फिरवायला लांब दांडा किंवा छोटी मोटर बसवा. प्रसारण चालू असताना लूपजवळ कोणी उभं राहू नये.