चेक परतला, नोटीस गेली, तक्रार 18 मार्चला: या प्रॉब्लेममध्ये चूक नेमकी कुठे?

तिसरं_वर्ष_मडगाव

नमस्कार. अंतर्गत परीक्षेसाठी मिळालेला प्रॉब्लेम असा आहे.

डिचोलीचा एक फर्निचरवाला कळंगुटच्या गेस्ट हाउसला 60 खुर्च्या करून देतो. नगाला 8,000, एकूण 4,80,000 रुपये. सगळं व्हॉट्सॲपवर ठरलेलं, स्टॅम्प पेपर नाही, उधारी 60 दिवसांची. माल 10 ऑक्टोबर 2025 ला पोचला, चलनावर मॅनेजरची सही आहे. पैसे आलेच नाहीत. शेवटी 3 फेब्रुवारी 2026 तारखेचा 3,00,000 चा चेक मिळाला. फर्निचरवाल्याचं खातं डिचोली शाखेत, पण चेक टाकला त्याच बँकेच्या पणजी शाखेत. 10 फेब्रुवारीला 'फंड्स इनसफिशियंट' शेऱ्याचा मेमो हातात आला. 2 मार्चला वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने गेली, 5 मार्चला पोचली. नोटिशीत एवढंच: 'येणे असलेले 4,80,000 रुपये व्याजासह 15 दिवसांत द्यावेत.' 18 मार्चला पणजीच्या कोर्टात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 (चेक न वटण्याचा गुन्हा) खाली तक्रार.

लेखी करार नाही म्हणून सुरुवातच फसते का? तक्रार टिकेल का? उरलेल्या 1,80,000 चं काय? शिवाय वर्गात कोणीतरी म्हणालं की गोव्यात वसुलीची मुदत जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे मोजतात. ते खरं आहे का?

दंडाधिकारी_कोर्ट_रोज

करारापासून सुरू करू, कारण तिथे काहीच अडचण नाही. करार कायदा 1872 च्या कलम 10 ला प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, सज्ञान पक्ष आणि मोकळी संमती पुरते. मालविक्रीचा करार तोंडीही चालतो. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र दोन्ही भाग भरून जोडा. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर विसंबू नका. सही असलेलं चलन त्याहून मोलाचं, कारण माल पोचल्याचं ते सरळ सांगतं.

आता 138. उत्तर लिहिण्याआधी तारखांची एक उभी पट्टी काढा, निम्मे मार्क तिथेच आहेत.

मेमो 10 फेब्रुवारीचा. तो दिवस सोडून 30 दिवस मोजले की 12 मार्च येतो. नोटीस 2 मार्चला निघाली, म्हणजे मुदतीत. पोचली 5 मार्चला. तो दिवस सोडून 15 दिवस म्हणजे 20 मार्चपर्यंत देणेकऱ्याला पैसे भरायची मुभा. गुन्हा पूर्ण होतो तो त्या मुदतीत पैसे न भरल्याने, चेक परत आल्याने नव्हे. म्हणून तक्रारीचं कारण 21 मार्चला जन्मतं, आणि 18 मार्चला दाखल केलेली तक्रार कायद्याच्या नजरेत तक्रारच नाही. 2014 च्या योगेंद्र प्रताप सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. मध्ये 15 दिवस उलटून गेले आणि दंडाधिकाऱ्यांनी नंतर दखल घेतली, तरी ती दुरुस्त होत नाही.

तक्रारीची खरी खिडकी 21 मार्चला उघडते. कलम 142 खाली एक महिना, आणि कारण जन्मलं तो दिवस धरायचा नाही. शेवटची तारीख 21 एप्रिल. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, 30 दिवस नव्हेत. इथे बरेच जण 20 एप्रिल लिहितात. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र अशी माफी नाही, हा फरक उत्तरात जरूर लिहा.

कोर्ट पणजीचं नव्हे. 2015 च्या दुरुस्तीनंतर चेक वटण्यासाठी ज्या खात्यात भरला, त्या खात्याची शाखा जिथे, तिथलं कोर्ट. चेक त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत टाकला तरी तो मूळ शाखेत दिला असंच कलम 142(2) चं स्पष्टीकरण मानतं. म्हणजे डिचोली.

नोटीस_आधी_वाचा

वरच्या तारखा बरोबर आहेत. पण तक्रार 21 मार्च ते 21 एप्रिलच्या दरम्यान डिचोलीत दाखल केली असती तरी ती पडली असती, कारण खरी भेग नोटिशीत आहे. कलम 138 ची अट आहे 'चेकच्या रकमेची' मागणी. या नोटिशीत 3,00,000 हा आकडा कुठेच नाही. व्याज, खर्च, जुनी बाकी मागायला हरकत नसते, पण चेकची रक्कम त्यात वेगळी, ओळखू येईल अशी हवी. सप्टेंबर 2025 मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी कडक झालं. नोटिशीतला आकडा चेकशी जुळला नाही तर नोटीस अवैध, आणि टंकलेखनाची चूक ही सबबही चालत नाही.

वाक्य असं असायला हवं होतं: 'आपण दिलेला, दिनांक 3 फेब्रुवारी 2026 चा, अमुक क्रमांकाचा, रुपये 3,00,000 चा चेक अपुऱ्या शिलकीमुळे न वटता परत आला आहे, सदर चेकची रक्कम रुपये 3,00,000 ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावी.' बाकीचे 1,80,000 आणि व्याज त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात.

12 मार्चनंतर त्याच मेमोवर नवी नोटीस काढता येत नाही. पण म्हणून सगळं संपलं असं लिहू नका, बहुतेक उत्तरपत्रिका इथेच थांबतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेमुळे 1 एप्रिल 2012 पासून चेक तीन महिने चालतो, म्हणजे हा चेक मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत जिवंत आहे. तो पुन्हा बँकेत टाका. परत आला तर नवा मेमो, नवे 30 दिवस, यावेळी नीट लिहिलेली नोटीस. पहिल्या वेळी खटला केला नाही म्हणून दुसऱ्या परतीवर करता येत नाही हा जुना समज एमएसआर लेदर्सच्या 2012 च्या निकालाने मोडला.

दुसऱ्यांदा टाकण्याआधी काही रक्कम हाती आली असेल तर चेकच्या मागे तशी नोंद करा आणि उरलेलीच मागा. ती न करता पूर्ण रकमेचा चेक लावला तर 138 लागत नाही (दशरथभाई पटेल, 2022).

नोटीस कोणाच्या नावाने, तेही पाहा. 'गेस्ट हाउस' ही पाटी आहे. चेकवर खातेदार म्हणून कोण आहे? एकट्याचा धंदा असेल तर मालक. कंपनी असेल तर कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकावर कलम 141 (कंपनीच्या गुन्ह्यासाठी संचालकाची जबाबदारी) लागत नाही.

दिवाणी_बाजू_फोंडा

1,80,000 बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

138 मध्ये कलम 118 आणि 139 ची गृहीतकं (चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट आधी धरून चालतं) फिर्यादीच्या बाजूने असतात, 143अ खाली चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही मिळू शकते. पण तो खटला फक्त चेकपुरता. बाकीसाठी दावा लागतो, आणि इथे एक मोठा सापळा आहे. '3,00,000 साठी फौजदारी चालू आहेच, दावा फक्त 1,80,000 चा लावू' असं केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 2 नियम 2 आडवा येतो. एकाच व्यवहारातून आलेली पूर्ण मागणी एकाच दाव्यात करायची. सोडलेला भाग नंतर मागता येत नाही. म्हणून दावा पूर्ण 4,80,000 चा, आणि फौजदारीत पैसे आले तर ते वजा करायची तयारी ठेवायची. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

4,80,000 चा मालविक्रीचा वाद 3 लाखांच्या वर जातो, त्यामुळे वाणिज्यिक न्यायालय कायदा लागू होतो. तातडीचा अंतरिम दिलासा मागत नसाल तर कलम 12अ ची दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची आहे. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो (पाटील ऑटोमेशन, 2022). मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळतात.

मुदत: उधारीचे 60 दिवस 9 डिसेंबर 2025 ला संपले. मुदत कायदा 1963 चा अनुच्छेद 15, तिथून तीन वर्षं. उधारी ठरलीच नसती तर अनुच्छेद 14, माल पोचल्यापासून तीन वर्षं. पोर्तुगीज संहितेची गोष्ट हवेतली नाही. एकेकाळी सर्वोच्च न्यायालयानेच तिच्यातली मुदत गोव्यात स्थानिक कायदा म्हणून मान्य केली होती. पण 2001 मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात ती भूमिका बदलली आणि इथेही 1963 चाच कायदा लागू ठरला. विवाह, वारसा, पती-पत्नीची सामाईक मालमत्ता यांत ती संहिता आजही महत्त्वाची आहे, खुर्च्यांच्या बिलात नाही.

आणि फर्निचरवाला उत्पादक आहे. माल देण्याआधी त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल तर 2006 च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याचं कलम 15 पाहा. 60 दिवस ठरवले तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे उधारी चालत नाही. 10 ऑक्टोबरलाच स्वीकारला धरलं तर 24 नोव्हेंबर. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज.

तिसरं_वर्ष_मडगाव

आभार. एकच राहिलं. गेस्ट हाउस म्हणतं, 12 खुर्च्या सदोष होत्या आणि चेक फक्त सिक्युरिटी म्हणून दिला होता. मग 139 चं गृहीतक तिथेच संपतं का?

दंडाधिकारी_कोर्ट_रोज

नुसतं म्हणून संपत नाही. आरोपीला ते खोडायला संभाव्यतेच्या तराजूवर पटेल एवढं तरी दाखवावं लागतं. 12 खुर्च्या म्हणजे 96,000. त्या वजा केल्या तरी देणं 3,84,000 उरतं, चेकपेक्षा 84,000 ने जास्त. चेक वटवायला टाकला त्या दिवशी तेवढं देणं उभं होतं, तर 'सिक्युरिटी' शब्दाने काही वाचत नाही. चलनावर किंवा व्हॉट्सॲपवर त्या वेळी तक्रार नोंदवली होती का ते प्रॉब्लेममध्ये पुन्हा शोधा. नसेल तर सदोषपणाचा बचाव नोटीस आल्यावर सुचलेला दिसतो, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल.