मदत हवी आहे: डेटा सायन्सचा क्लास लावू का गेट देऊ? लवकर सांगा

वाळूजकर
नमस्कार. मला डेटा सायंटिस्ट व्हायचंय, पुढं जमलं तर रिसर्चमध्ये जायचंय. पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा रोज फोन येतोय. फी 1 लाख 40 हजार, सहा महिने, वरून नोकरीची हमी म्हणायलेत. रविवारपर्यंत भरले तर 20 हजार कमी. घरचे म्हणायलेत गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, दे. पायथन येतं. मशीन लर्निंगचा, म्हणजे जुन्या डेटावरून कॉम्प्युटरला अंदाज शिकवायचा, एक प्रोजेक्ट झालाय, 97 टक्के अचूकता आली. क्लास का गेट, एवढंच नेमकं सांगा. वेळ कमी आहे.

गोदाकाठ
शिक्षण काय? नोकरी आहे का? फी स्वतःची का कर्ज काढून? आणि 97 टक्के कशाचे? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

जुना_डीबीए
दोन्ही राहू द्या, आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा, पक्कं करा. मुलाखतीला पोरं न्यूरल नेटवर्क सांगतात आणि दोन टेबलं जोडायला सांगितली की गप्प बसतात. कंपनीत डेटा सायंटिस्टचा अर्धा दिवस डेटा गोळा करण्यात आणि साफ करण्यातच जातो. एसक्यूएलमधली विंडो फंक्शन्स (ओळींच्या गटावर हिशेब करायची) येईपर्यंत मॉडेलला हात लावू नका.

सेलू_परभणी
लॅपटॉप घेताना 16 जीबी रॅमच घ्या. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका, कॅगल आणि कोलॅब या साइटवर शिकण्यापुरता जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, फुकट मिळतो.

वाळूजकर
लॅपटॉप आहे हो. बी.ई. मेकॅनिकल आहे मी. क्लास का गेट?

एमटेक_वाला
मग गेटच. 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, त्याला डीए म्हणतात, आणि मेकॅनिकलवाल्यालाही देता येतो. 15 गुण अ‍ॅप्टिट्यूडचे, बाकी 85 मध्ये संभाव्यता-संख्याशास्त्र, लिनिअर अल्जेब्रा, कॅलक्युलस, प्रोग्रामिंग, डेटाबेस, मशीन लर्निंग आणि एआय. स्कोअर तीन वर्षं चालतो. एम.टेक.ला गेटवर प्रवेश मिळाला की महिन्याला 12,400 विद्यावेतन असतं. म्हणजे शिकायचे पैसे उलटे तुम्हाला मिळतात, तिकडं तुम्ही सव्वा लाख द्यायला निघालात. फक्त डीएचा स्कोअर कुठल्या विभागाला चालतो ते प्रत्येक संस्थेच्या पानावर बघून घ्या, सगळीकडं सारखं नाही.

जुना_डीबीए
एम.टेक.ची दोन वर्षं आणि तयारीचं एक, तोवर घर कोण चालवणार? सगळ्यांना जमत नसतं ते. माझ्यासोबतचे कितीतरी बी.एस्सी.वाले आज चांगल्या कामावर आहेत.

एमटेक_वाला
त्यांनी रिसर्चही म्हटलंय, ते वाचलं का? डेटा सायंटिस्टला डिग्रीवाचून वाट सापडते. रिसर्चमध्ये मात्र लोक तुमचे पेपर आणि गाईड बघतात, तिथं एम.टेक. नाहीतर पीएच.डी. लागतेच. एसक्यूएलनं ते दार उघडत नाही.

गोदाकाठ
भांडू नका. वाळूजकर, नोकरीचं अजून सांगितलं नाही तुम्ही.

वाळूजकर
वाळूजला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्टमध्ये. फीसाठी बाबा सोसायटीचं कर्ज काढायचं म्हणायलेत. प्रोजेक्ट सोयाबीनच्या भावाचा आहे. लातूर बाजार समितीचे रोजचे भाव आणि आवक अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावाच्या सरकारी साइटवरून घेतली, रँडम फॉरेस्ट हे मॉडेल लावलं. आर स्क्वेअर, म्हणजे भावातला चढउतार मॉडेल किती पकडतं तो आकडा, 0.97 आला, त्यालाच 97 टक्के म्हणालो.

औसा_शेतकरी
दादा, मग पुढच्या महिन्यात भाव वाढंल का? घरात माल पडून आहे. ठेवू का विकू?

संख्याशास्त्र_नांदेड
वाळूजकर, ट्रेन-टेस्ट, म्हणजे शिकवायचा आणि तपासायचा डेटा वेगळा करताना ओळी शफल केल्या का, तारखा मिसळल्या का? तसं केलं की सोमवारचा आणि बुधवारचा भाव मॉडेलला आधीच शिकवलेला असतो आणि आपण मंगळवारचा विचारतो. 0.97 यायला मग काहीच लागत नाही. तारखेनं तोडा: जुन्या वर्षांवर शिकवा, शेवटच्या वर्षावर तपासा. आणि शेजारी एक साधा अंदाज ठेवा, उद्याचा भाव म्हणजे आजचा भाव. आज 4,500 आणि उद्या 4,450 झाला, तर हा अंदाजसुद्धा सुमारे 99 टक्के बरोबर ठरतो. तुमचं मॉडेल त्याला हरवतं का, मुलाखतीत हाच प्रश्न येणार. क्लासवाल्यांनाही हेच विचारा. उत्तर देता आलं नाही तर तिथं काय शिकायला मिळणार?

औसेकर दादा, मॉडेलच्या भरवशावर माल ठेवू नका. 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे. खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत मागतात, 2024 ला 15 पर्यंत सूट दिली होती. नोंदणी आणि ओलावा, हे दोनच तपासा.

औसा_शेतकरी
केंद्रावर बारदाना नाही म्हणायलेत आमच्याकडं. नोंदणी केली तरी मेसेज येईना.

भाषेचा_माणूस
रिसर्च करायचं असेल तर मराठीवर करा. आयआयटी मद्रासचं एआय4भारत आणि पुण्याचं एल3क्यूब यांनी मराठीचे डेटासेट आणि मॉडेलं खुली ठेवली आहेत. पण आपण लातूर-नांदेडकडं बोलतो ती बोली त्यात फारच कमी सापडते. 'करायलोय', 'कामून' यांच्यावर मॉडेल अडखळतं. पेपरचा विषय हाच.

एमटेक_वाला
त्यांना मशीनवरून उतरवून भाषेला कशाला लावता?

गोदाकाठ
मला वाटतं उत्तर त्यांच्या कामातच आहे. क्वालिटीला आहात म्हणजे सीपीके (पीस ठरलेल्या मापात किती बसतात तो आकडा) काढता, कंट्रोल चार्ट भरता. स्टँडर्ड डिव्हिएशन तुमच्या रोजच्या हाताखालचं आहे. वाळूज-शेंद्र्यातल्या कंपन्यांना रिजेक्शन आधी कळायला हवंय, आणि ज्याला मशीनही कळतं आणि पायथनही येतं असा माणूस त्यांना सहज मिळत नाही. नोकरी सोडू नका, कर्ज काढू नका. गणितासाठी एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन, कोर्स फुकट आहेत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर 1,000 रुपये. ते करता करता गेटचा डीए आपोआप होत जातो. फेब्रुवारीत पेपर, स्कोअर आला तर मग एम.टेक.चं ठरवा. क्लासची 'हमी' करारात लेखी मागा, किती पगार आणि नाही मिळाली तर किती पैसे परत. लेखी देत नसतील तर विषय संपला.

वाळूजकर
लेखी मागितलं. "पॉलिसीत बसत नाही" म्हणाले. फी भरत नाही मग. रिजेक्शनचा डेटा आहे आमच्याकडं, शिफ्ट, मशीन, ऑपरेटर, सगळं एक्सेलमध्ये. शंभरात दोनेक पीस जातात. त्यावर चालू करू?

संख्याशास्त्र_नांदेड
करा. पण शंभरात दोनच जात असतील तर "सगळे पीस चांगले" म्हणणारं मॉडेलही 98 टक्के अचूक ठरतं. अचूकता बघू नका, खराब पिसांपैकी किती पकडले ते रिकॉल बघा, आणि चांगले पीस किती उगाच अडवले तेही.

जुना_डीबीए
आणि तो एक्सेल आधी टेबलात घाला. मी सांगतच होतो.

वाळूजकर
हा डेटा घरी आणून कॅगलवर टाकला तर चालेल का? पार्ट नंबर आणि ऑपरेटरची नावं काढून टाकतो.

गोदाकाठ
नाही. नावं काढली तरी डेटा कंपनीचाच राहतो, ग्राहकाशीही करार असतो. क्वालिटी हेडला मेल करा, काय शोधायचंय ते दोन ओळींत लिहा, कंपनीच्याच कॉम्प्युटरवर काम करायची परवानगी मागा. परवानगी आली की बाहेर दाखवायला तसाच बनावट डेटा तयार करून कोड त्यावर चालवा.