जानेवारीची सहल आणि व्हिडबीचा स्टीलहेड

प्रेषक: मेघना
विषय: जानेवारीची सहल

नमस्कार मंडळी,

संक्रांतीचा कार्यक्रम आटपला की पुढच्या शनिवारी बाहेर कुठेतरी जावं, असं कार्यकारिणीत चाललंय. पिंक सामनच्या वेळी आपण मंडळातले बरेच जण सिॲटलजवळच्या व्हिडबी बेटावर गेलो होतो, मुलं जाम खूश होती. आता हिवाळी स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) तसंच जमेल का? होडी लागत नाही, किनाऱ्यावरूनच गळ टाकतात म्हणे. पंचवीस-तीस जण तरी येतील. अरविंदकाका, तुम्ही दर हिवाळ्यात जाता, तेव्हा तुम्हीच सांगा.

मेघना

---

प्रेषक: अरविंद
विषय: उत्तर: जानेवारीची सहल

मेघना,

मासा किनाऱ्यावरून मिळतो हे खरं. पण त्यासाठी पंचवीस जणांना नेऊ नकोस. पिंक सामन विषम वर्षी ऑगस्टमध्ये झुंडीने येतो, पोराटोरांच्याही गळाला लागतो. स्टीलहेड एकटादुकटा जातो. सकाळपासून उभं राहून दोरीला साधा झटकाही बसला नाही, असे दिवसच जास्त. वर प्युजेट साउंड या खाडीचा वारा. तासाभरात सगळे गाडीत हीटर लावून बसतील आणि मला शिव्या घालतील.

चार-पाच जणांना मनापासून यायचं असेल तर मात्र जरूर या. जरा सविस्तर लिहितो.

हे मासे पॅसिफिकमधून हुआन दे फुकाच्या सामुद्रधुनीने आत येतात, ॲडमिरल्टी इनलेटपाशी दक्षिणेला वळतात आणि स्नोहोमिश, स्कायकोमिश वगैरे नद्यांकडे निघतात. वाटेत व्हिडबीचा पश्चिम किनारा लागतो. तिथे ते अगदी काठाला धरून पोहतात. नवखा माणूस वेडर (पाणी आत न येणारी लांब विजार) घालून कंबरभर पाण्यात शिरतो, जोर लावून लांब फेकतो, आणि मासा त्याच्या पाठीमागून निघून जातो. म्हणून आधी कोरड्यावर उभं राहायचं आणि समोरचं उथळ पाणी चाळून काढायचं. बुश पॉइंट आणि लगून पॉइंट या जुन्या जागा. जिथे जमिनीचं टोक पुढे आलेलं असतं तिथे प्रवाह जोरात फुटतो आणि टोकाच्या आडोशाला पाणी उलटं फिरतं. मासा तिथे दम खातो. मी रॉड जोडण्याआधी निवांत उभा राहून तेवढंच बघत असतो.

मारायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे गुलाबी किंवा नारिंगी प्लॅस्टिकचा छोटा माकूल (इथे त्याला हूची म्हणतात) फेकायचा आणि सावकाश ओढायचा. दुसरी बैठी. दोरीच्या टोकाला पिरॅमिडच्या आकाराचं शिसं, ते तळाशी रुतून बसतं. त्याच्या वरून हात-दीड हात लांबीची वेगळी दोरी, तिच्या टोकाला कोळंबी लावलेला गळ आणि गळाच्या अलीकडे स्पिन-एन-ग्लो. हा बोराएवढा, हलका, रंगीत मणी असतो, त्याला दोन छोटी पाती. पाणी वाहायला लागलं की तो गरगर फिरतो आणि तरंगणारा असल्यामुळे गळाला तळापासून उचलून धरतो. नाहीतर खेकडे पाच मिनिटांत कोळंबी फस्त करतात. रॉड पीव्हीसीच्या पाइपात उभा करायचा आणि थर्मास उघडायचा. बेटावरची म्हातारी मंडळी वर्षानुवर्षं असंच करतात, आणि मासा बहुतेक त्यांनाच मिळतो.

आता काळजीचं. इथे हिवाळ्यात मोठी ओहोटी रात्री असते, दिवसा पाणी वर चढलेलं. किनारा अरुंद होतो आणि भरतीच्या रेषेवरचे भलेमोठे ओंडके तरंगायला लागतात. लाटेबरोबर ओंडका पायावर आला तर हाड शाबूत राहत नाही. दुसरं, सिॲटल आणि टॅकोमाला जाणारी कंटेनर जहाजं समोरूनच जातात. जहाज पुढे गेलं, आपण विसरलो, आणि मग त्याच्या लाटा येतात. मुलांना नेलं तर यासाठी एक माणूस नुसता उभा करावा लागेल.

शिवाय वॉशिंग्टनमध्ये सगळा किनारा सरकारी नाही. 1971 पर्यंत राज्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली जमीन खाजगी लोकांना विकली, त्यामुळे दहा पावलं इकडेतिकडे झालात की तुम्ही कोणाच्या तरी मालकीच्या दगडगोट्यांवर उभे असता. पंचवीस जणांचा घोळका तिथे नको, हे त्यामुळेही.

काका

---

प्रेषक: ऋचा
विषय: उत्तर: जानेवारीची सहल

काका, माहिती छान, पण एक खटकतंय. प्युजेट साउंडचा स्टीलहेड 2007 पासून संघराज्याच्या कायद्याखाली धोक्यातल्या प्रजातींत आहे ना? मग मंडळाच्या नावाने आपण तो मारायला जाणं बरं दिसतं का? आपल्याकडे कोळी लोकसुद्धा नारळी पौर्णिमेआधी होडी लोटत नाहीत.

आमिषाच्या दुकानात एकाने मला असंही सांगितलं की आदिवासींच्या जाळ्यांमुळे मासे संपले. हे खरं आहे का?

ऋचा

---

प्रेषक: अरविंद
विषय: उत्तर: जानेवारीची सहल

ऋचा,

बरं झालं विचारलंस. दुकानातलं आधी निकालात काढतो. 1855 च्या पॉइंट इलियट करारात इथल्या आदिवासींनी जमीन दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो करार आपण जिथून फेरी पकडतो त्या मुकिल्टिओलाच झाला. राज्याने पुढे तो हक्क पाळला नाही, नदीवर लोकांना अटका झाल्या, आणि शेवटी 1974 साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा आदिवासींचा. तेव्हापासून काही लोकांनी ही एकच टेप लावून ठेवली आहे. मासा घटला तो धरणांनी, जंगलतोडीने, रस्त्याखालच्या अडवणाऱ्या मोऱ्यांनी आणि तुमच्या-आमच्या घरांनी. हूड कॅनॉल या खाडीवरचा तरंगता पूल बघ. त्याचे तराफे पाण्यात साडेचार मीटरच्या आसपास खोल गेलेले आहेत. समुद्राकडे निघालेली पिल्लं वरच्या थरात पोहतात, ती तिथे अडखळतात आणि सील ताव मारतात. त्या पुलाला कोणी दुकानात शिव्या देत नाही.

आता मुख्य मुद्दा. रानटी स्टीलहेड ठेवायचा नाही, हा नियम आहेच. ठेवायचा तो फक्त हॅचरीतला, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. ओळख सोपी आहे. पाठीवरच्या मोठ्या पंखाच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, करंगळीच्या पेराएवढा एक मऊ पंख असतो. हॅचरीत पिल्लू असतानाच तो कापतात. तिथे भरून आलेली गुळगुळीत जागा दिसली तर मासा तुझा. पंख असेल तर सोडायचा, आणि सोडायचा म्हणजे फोटोसाठी उचलून मिरवायचा नाही. पाण्याबाहेर पूर्ण काढायचाच नाही. पाण्यातच पक्कडीने गळ सोडव. गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केलेला असतो, तोही नियमच आहे, त्यामुळे तो पटकन निघतो. समुद्रात कटथ्रोट ट्राउट लागला तर तोही सोडायचा.

डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर येणारे हे हॅचरीचे मासे मुळात टॅकोमाजवळच्या चेंबर्स क्रीकच्या वाणाचे. लवकर अंडी घालणारे निवडून निवडून हा वाण तयार केला, म्हणून तो रानटी माशांच्या आधी परततो. पण तो नदीत रानटी माशांशी मिसळला तर रानटी वंश दुबळा होतो. याच मुद्द्यावर 2014 मध्ये राज्यावर दावा झाला. तडजोड होऊन बऱ्याच नद्यांत ही पिल्लं सोडणं थांबलं, स्कॅजिटमध्ये तर बारा वर्षांसाठी. पुढे काही नद्यांत पुन्हा परवानगी मिळाली. व्हिडबीच्या किनाऱ्यावर मासा कमी झाला त्यात याचाही हात आहे. मासेमारी करणारे बरेच जण त्यावर चिडलेले आहेत, मी नाही. हॅचरी हा नदी सुधारण्याला पर्याय नव्हे. पण जो कापलेल्या पंखाचा मासा परत आलाच आहे, तो वर जाऊन अंडी घालण्यापेक्षा आपल्या ताटात आलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नारळी पौर्णिमेचं म्हणतेस ते योग्यच. इथे ते काम राज्याचा मत्स्य विभाग करतो. आपण ज्या भागात जाणार तो सागरी क्षेत्र 9. निघायच्या आदल्या रात्री त्याचे नियम बघायचे, कारण मध्येच बदलतात.

काका

---

प्रेषक: मंदार
विषय: उत्तर: जानेवारीची सहल

काका, एवढं वाचून भूक लागली. मिळालाच तर तिखलं करायचं का?

मंदार

---

प्रेषक: अरविंद
विषय: उत्तर: जानेवारीची सहल

मंदार, तिखलं बांगड्याचं कर. हा तेलकट, मऊ मासा, कालवणात ढवळलास की भुगा होतो. कातडीसकट जाड तुकडे, हळद, मीठ, तिखट, थोडं आगळ, आणि तव्यावर कातडी खाली ठेवून भाज. उलटायची घाई नको. एक मात्र किनाऱ्यावरच करावं लागतं: मारल्याबरोबर कल्ले कापून रक्त काढायचं, नाहीतर घरी येईपर्यंत चव गेली. आणि सुरी उघडण्याआधी कॅच कार्डावर, म्हणजे पकडलेल्या माशांच्या सरकारी कार्डावर, नोंद. अधिकारी येतात आणि बघतात.

काका

---

प्रेषक: मेघना
विषय: उत्तर: जानेवारीची सहल (ठरलं)

मंडळी,

तर असं करूया. सहल व्हिडबीवरच्याच फोर्ट केसी या जुन्या लष्करी किल्ल्याला: तोफा, दीपगृह, मुलांना पळायला मैदान. गाडीसाठी डिस्कव्हर पास (राज्याच्या उद्यानांत गाडी लावायचा पास) लागेल. मासेमारी वेगळी, काकांबरोबर फक्त चौघं. मंदार आणि ऋचा यांनी नावं दिली आहेत (हो, ऋचासुद्धा!), अजून दोन जागा.

चौघांनी परवाना स्वतः काढायचा. वार्षिक परवाना जानेवारीत काढला तरी 31 मार्चला संपतो, तेव्हा एक दिवसाचा घेतलात तरी चालेल. पंधरा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, पण कॅच कार्ड लागतं.

सूर्य आठच्या सुमारास उगवतो, म्हणून काका मुकिल्टिओहून पहाटेची फेरी घेणार. बाकीच्यांनी दहापर्यंत निघालं तरी पुरे. तिळाच्या वड्या माझ्याकडे, चहाचे मोठे थर्मास कोणाकडे आहेत ते कळवा.

मेघना

---

प्रेषक: अरविंद
विषय: उत्तर: जानेवारीची सहल (ठरलं)

थर्मास माझ्याकडे दोन आहेत. चौघांनी लोकरी मोजे घालून या, सुती नकोत. आणि मंदार, मोठा आइसबॉक्स आणू नकोस, गाडीत जागा नाही.

काका