कॅन्सरच्या औषधासाठी प्रथिनाचं सिम्युलेशन: साध्या लॅपटॉपवर सुरुवात कशी करू?

शेवंती_२२:
एमएस्सी बायोटेक, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला केआरएएस (बिघडलं की कॅन्सर करणारं प्रथिन) घेतलंय. सर म्हणतात, डॉकिंगचा (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा कॉम्प्युटरवरचा अंदाज) स्कोअर दे, पुरे. पण मागच्या वर्षी बाहेरच्या परीक्षकांनी "औषधाचा रेणू प्रथिनाच्या खिशात (खाचेत) टिकतो का?" विचारून आमच्या सीनियरची दांडी उडवली होती. म्हणून मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणू क्षणाक्षणाला कसे हलतात त्याचं सिम्युलेशन) करायचंय. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही, हातात तीन महिने. मनात सोटोरासिब हे केआरएएसवरचं औषध आहे. जाणकारांनी सांगा.

जुना_स्फटिक:
ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे. त्यातला पाण्यातल्या लायसोझाइमचा (एक छोटं प्रथिन) धडा आधी गिरव, मगच केआरएएसला हात लाव.
सोटोरासिब मात्र सोड. ते १२व्या जागेवरच्या सिस्टीनशी पक्का बंध जोडतं, म्हणून तर फक्त जी१२सीवर (१२व्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन आलेला बदल) चालतं. त्या जोडाचे पॅरामीटर (सिम्युलेशनला लागणारे बलांचे आकडे) स्वतः बनवायचे म्हणजे तुझे तीन महिने तिथेच गेले. जी१२डी (तिथेच अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलेला बदल) घे, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये हाच बदल जास्त सापडतो. त्यावरचा एमआरटीएक्स११३३ हा रेणू बंध न जोडता नुसता खिशात बसतो. पीडीबीत (प्रथिनांच्या रचनांचा खुला साठा) ७आरपीझेड ही दोघांची एकत्र रचना शोध.
अवांतर: हाच तो स्विच-२ (केआरएएसचा हलता भाग) खालचा खिसा. रिकाम्या रचनेत नीट दिसतच नाही, त्यामुळे केआरएएसवर औषध निघणारच नाही असं सगळे धरून चालले होते. २०१३ मध्ये केवन शोकाट या शास्त्रज्ञांच्या गटाने तो दाखवला आणि २०२१ मध्ये सोटोरासिबला अमेरिकेत मान्यता मिळाली.

गणकवेडी:
वरच्याला +१. आता हिशोब बघ. एक पायरी २ फेमटोसेकंदांची, म्हणजे १०० नॅनोसेकंदांना ५ कोटी पायऱ्या. लॅपटॉपवर फक्त तयारी कर, रन कोलॅबच्या (गुगलची ऑनलाइन सेवा) फुकट जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डावर) टाक. ते मध्येच तुटतं, तेव्हा चेकपॉइंट फाइल (जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायची नोंद) ड्राइव्हवर जात राहील असं बघ. नाहीतर रात्रभराचं काम सकाळी गायब (अनुभवाचे बोल). पुण्याकडची असशील तर आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, सरांनाच विचारायला लाव.
आणि ३०० नॅनोसेकंदांचा एकच रन नको. १०० चे तीन कर, प्रत्येकाला सुरुवातीचे वेग वेगळे दे. एका रनमध्ये आरएमएसडीची (सुरुवातीच्या रचनेपासून किती सरकलं त्याचं माप) रेघ सपाट आली म्हणून "रेणू स्थिर" लिहिणारे प्रबंध पाहून डोकं उठतं.

मठ्ठ_मायसेल:
हे सगळं करून खरंच औषध निघतं, की नुसती रंगीत चित्रं?

जुना_स्फटिक:
एकट्या सिम्युलेशनने नाही निघत. पण लिराफुग्राटिनिब हा कॅन्सरवरचा रेणू बघा. एफजीएफआर१ आणि २ ही भावंडं प्रथिनं एक्स-रे रचनेत जवळपास सारखी. १ अडवला की रक्तातलं फॉस्फेट वाढतं, म्हणून फक्त २ हवा होता. अँटन-२ (खास अशा सिम्युलेशनसाठी बांधलेला सुपरकॉम्प्युटर) वरच्या लांबलचक सिम्युलेशनमध्ये दिसलं की दोघांचा पी-लूप (खिशावरचा लवचीक पट्टा) वेगवेगळा हलतो. त्या फरकावर रेणू बेतला. स्थिर चित्रात हे कळलं नसतं.
शेवंती, तूही आधी प्रश्न ठरव. औषध असताना आणि नसताना स्विच-२ किती हलतो, एवढाच घेतलास तरी तीन महिन्यांत बसेल.

शेवंती_२२:
खूप आभार! ७आरपीझेड उतरवली. त्यात जीडीपी (केआरएएसला चिकटून असणारा छोटा रेणू) आणि मॅग्नेशियम दिसतंय. पाण्याबरोबर तेही उडवू का?

गणकवेडी:
अगं थांब! दोन्ही ठेव. जीडीपी काढलास तर स्विच कशाच्या आधारावर उभा राहील? पॅरामीटरसाठी चार्म-जीयूआय ही वेबसाइट वापर, आणि पाणीसुद्धा सरसकट उडवू नकोस, मॅग्नेशियमला धरून बसलेले रेणू राहू देत.