फ्रीबीएसडीची मेन शाखा वावरातून कशी चालवावी? लाईन आठ तास, डेटा रोजचा दीड जीबी

वावरातला_रूट (तालुका राळेगाव, यवतमाळ)
लॅपटॉप दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅम ४ जीबी, एसएसडी २४० जीबी, बॅटरी जेमतेम अर्धा तास. सध्या फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) १४.३ आहे, यूएफएस ह्या फाइल सिस्टीमवर. आता मेनवर, म्हणजे रोज बदलणाऱ्या विकासाच्या १६-करंट शाखेवर जायचं आहे. होणारे बदल पाहायचे, काही तुटलं तर बग नीट नोंदवायचा, जमलं तर पॅच पाठवायचा.

घर कृषी फीडरवर आहे. आठ तास लाईन, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, मधात झटके वेगळेच. नेट मोबाईलचं. गिट क्लोन (सोर्स कोडची नक्कल उतरवणं) अर्ध्यात तुटलं की पुन्हा शून्यापासून. बिल्डवर्ल्ड (सोर्सपासून सिस्टीम बनवणं) चालू असताना लाईन गेली तर पुढच्या वेळी लिंकर (बनलेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) 'अननोन फाइल टाइप' म्हणून अडतो आणि सगळं ओबीजे (बनलेल्या फाइलींचं फोल्डर) पुसावं लागतं. मेन सोडून स्टेबल १५ ही स्थिर शाखा धरू का?

सरकी_ढेप
शाखा कोणतीही धरा, ह्या दोन्ही अडचणी तशाच राहतील. आधी त्या सोडवू.

तुटलेलं क्लोन गिट मधून उचलत नाही, हे खरं. पण पूर्ण इतिहास एक जीबीच्या वर जातो, तो मोबाईलवर ओढायचाच कशाला? वर्धा-नागपूरकडे ब्रॉडबँड असलेल्या कोणाकडून बंडल करून घ्या. त्यांच्या पूर्ण क्लोनमध्ये 'गिट बंडल क्रिएट एसआरसी.बंडल मेन' दिलं की एकच फाइल होते, पेनड्राइव्हवर येते. घरी त्या फाइलवरून '-बी मेन' देऊन /यूएसआर/एसआरसी मध्ये क्लोन करा, मग 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' पुढे फ्रीबीएसडीच्या गिट सर्व्हरचा पत्ता. आणि फेच (नवे बदल उतरवणं) करायच्या आधी 'गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन मेन'. हे राहिलं तर पहिल्याच फेचला साऱ्या स्टेबल, रेलेंग आणि व्हेंडर शाखा यायला लागतात, दिवसाचा डेटा तिथंच संपतो.

बंडल मिळतच नसेल तर 'डेप्थ १' चं, म्हणजे मागच्या इतिहासाशिवायचं क्लोन, काही शे एमबीत होतं. त्यात बायसेक्ट (कोणत्या बदलानं बिघडलं ते अर्धं-अर्धं करत शोधणं) चालत नाही, यूनेममध्ये (आवृत्ती दाखवणारा आदेश) कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा एन-क्रमांक येत नाही, फक्त हॅश (त्याची सांकेतिक ओळख) येतो. नंतर 'गिट फेच डीपन १०००' असं करत इतिहास हप्त्याहप्त्यानं वाढवता येतो.

आता बिल्ड. /ईटीसी/एसआरसी-ईएनव्ही.कॉन्फ मध्ये 'विथ_मेटा_मोड=येस' लिहा. एसआरसी.कॉन्फ मध्ये लिहिलं तर लागू होत नाही, बरेच जण इथंच अडकतात. सोबत 'केएलडीलोड फाइलमॉन' (कोणत्या फाइली वाचल्या ते टिपणारं कर्नल मॉड्यूल). मेटा मोड प्रत्येक फाइल कोणत्या आदेशानं आणि काय काय वाचून बनली ते नोंदवून ठेवतो, म्हणून लाईन आल्यावर तेच 'मेक बिल्डवर्ल्ड' दिलं की झालेलं काम परत होत नाही. लिंकरचं कारण साधं आहे: लाईन गेली तेव्हा ऑब्जेक्ट फाइलचं नाव डिस्कवर पोचलेलं असतं, आतला मजकूर नाही. शून्य बाइटची फाइल, पण तारीख ताजी, म्हणून मेक तिला हात लावत नाही. ओबीजेमधल्या .ओ, .पिको आणि .मेटा अशा शून्य आकाराच्या फाइली 'फाइंड' नं शोधून तेवढ्याच उडवा, बाकी राहू द्या.

एसआरसी.कॉन्फ मध्ये विदाउट_एलएलडीबी, विदाउट_टेस्ट्स, विदाउट_लिब३२ टाका, म्हणजे ते भाग बनत नाहीत. क्लँग हा कंपायलर काढू नका, पुढचं बिल्ड त्यावरच आहे. ४ जीबीत 'जे २' च्या (एका वेळी दोन कामं) पुढे जाऊ नका. एलएलव्हीएम (क्लँग ज्यात आहे तो प्रकल्प) जोडताना मेमरी संपली की कर्नल प्रोसेस मारतो आणि लॉगमध्ये 'फेल्ड टू रिक्लेम मेमरी' दिसतं. स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) निदान ४ जीबी ठेवा.

पुल (फेच करून लगेच मिसळणं) सरळ मारू नका. आधी फेच, मग 'गिट लॉग हेड..ओरिजिन/मेन' अपडेटिंग (बदलांच्या सूचनांची फाइल) आणि कॉन्ट्रिब/एलएलव्हीएम-प्रोजेक्ट ह्या दोन वाटांपुरता पाहा. कंपायलरची नवी आवृत्ती आलेली दिसली तर सारंच पुन्हा बनणार. ते रात्रपाळीच्या आठवड्यात ठेवा, तेवढीच थंडाई.

बूटलोडर_बाप्पू
सरकीभाऊंनी बिल्डचं सांगितलं. बिल्ड तुटलं तर वेळ जातो, इन्स्टॉलवर्ल्ड (बनलेलं मशीनवर बसवणं) तुटलं तर चालतं मशीन जातं. अर्ध्या लायब्ररी नव्या, अर्धे प्रोग्राम जुने, लॉगिनही होत नाही. मग सिंगल यूजरमध्ये (दुरुस्तीपुरतं बूट) /रेस्क्यू मधले स्टॅटिक प्रोग्राम तेवढे कामाचे.

ह्यावर उपाय झेडएफएस ही फाइल सिस्टीम आणि बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टीमची बूट करता येणारी वेगळी प्रत. मशीन एकदा नव्यानं झेडएफएसवर टाका. टाकल्या टाकल्या 'झेडएफएस क्रिएट झेडरूट/यूएसआर/ओबीजे' करा. इन्स्टॉलर एसआरसीला वेगळा डेटासेट देतो, ओबीजेला देत नाही, म्हणून ते रूटच्या आत राहतं, आणि प्रत्येक जुन्या बूट एन्व्हायर्नमेंटमागे कैक जीबी अडकून पडतात.

मग दर वेळी असं: 'बीईसीटीएल क्रिएट नवा', 'बीईसीटीएल माउंट नवा /एमएनटी', 'मेक इन्स्टॉलकर्नल डेस्टडिर=/एमएनटी', 'ईटीसीअपडेट -पी -डी /एमएनटी', 'मेक इन्स्टॉलवर्ल्ड डेस्टडिर=/एमएनटी', शेवटी 'ईटीसीअपडेट -डी /एमएनटी'. हे चालू असताना लाईन गेली तरी चालती सिस्टीम जशीच्या तशी. 'नवा' पाडा, परत करा. पूर्ण झालं की अनमाउंट करून 'बीईसीटीएल ॲक्टिव्हेट -टी नवा'. ते '-टी' म्हणजे एकाच बूटपुरतं: वर आलं नाही तर बटण दाबून बंद-चालू करा, जुनं परत येतं. दोन दिवस नीट चाललं की '-टी' शिवाय तोच आदेश. सोर्समध्ये टूल्स/बिल्ड/बीइन्स्टॉल.एसएच आहे, ती जवळपास हेच करते, पण पहिल्यांदा हातानं करा, काय कुठं जातं ते कळतं.

'झेडपूल अपग्रेड' चा मोह टाळा, जुन्या लोडरला तो पूल मग वाचता येत नाही. 'डिलीट-ओल्ड-लिब्स' पॅकेजेस नवी झाल्यावरच. १४ वरून १६ ला एबीआय (प्रोग्राम आणि सिस्टीममधला जोड) बदलतो, सारी पॅकेजेस परत उतरतात, तो डेटा आधीच धरून ठेवा. आणि ग्राफिक्सचं ड्रम-केमॉड: कर्नल बदलला आणि मॉड्यूल जुनं राहिलं की पडदा काळा किंवा सरळ पॅनिक (कर्नलच कोसळणं). नव्या कर्नलच्या पहिल्या बूटला आरसी.कॉन्फच्या केएलडी_लिस्टमधून आय९१५केएमएस हे ग्राफिक्सचं मॉड्यूल काढून ठेवा.

डोंगरगाव_टर्मिनल
थोडा वेगळा सूर. बग नोंदवायचेत तर कंपाइल करायची गरजच काय? १५ पासून पीकेजीबेस (मूळ सिस्टीमच तयार पॅकेजेसमधून बसवणं) आलं आहे, मेनचीही तयार बेस पॅकेजेस मिळतात. -डीबीजी, टेस्ट आणि लिब३२ चे संच बसवलेच नाहीत तर ओझं बरंच कमी. बूट एन्व्हायर्नमेंटची पद्धत इथंही तीच.

सरकी_ढेप
कंपाइल वाचतं, डेटा नाही. पॅकेज बदललं की ते अख्खं उतरतं, गिटमध्ये फक्त फरक येतो. आणि पॅच पाठवायचा असेल तर सोर्स लागणारच. त्यांच्याकडे लाईनपेक्षा डेटा जास्त तंग आहे का, त्यावर ठरवा.

वावरातला_रूट
दोन्ही सारखेच तंग, राजेहो. ४ जीबीत झेडएफएस झेपेल? आणि गावच्या शाळेत ३२-बिटचे जुने डबे पडून आहेत, त्यांचं काही होईल का?

बूटलोडर_बाप्पू
झेपतं. लोडर.कॉन्फ मध्ये 'व्हीएफएस.झेडएफएस.आर्क.मॅक्स', म्हणजे आर्कची (झेडएफएसचा रॅममधला कॅश) मर्यादा, ५१२ एमबीवर बांधा, नाहीतर बिल्ड आणि आर्क एकाच रॅमसाठी भांडतात.

३२-बिटला आता इथं जागा नाही. १५ पासून आय३८६ (३२-बिट पीसीची आवृत्ती) काढलं, १४ शेवटची मालिका. त्या डब्यांवर नेटबीएसडी ही ह्याच कुळातली सिस्टीम टाका, १०.० (२०२४) आय३८६ वर चालते आणि तिच्या फाइल सिस्टीमला 'लॉग' पर्याय देऊन जर्नल लावता येतं.

मेन की स्टेबल, ते राहिलंच. मेन घ्या, पण रोज नको. महिन्यातून एकदा मेनवर स्टॅबवीक (शाखा स्थिर करून तपासायचा आठवडा) होतो, त्याचा टॅग पडतो आणि निष्कर्ष करंटच्या मेलिंग लिस्टवर येतो. तो टॅग धरून बिल्ड करा. कर्नल रोजच्यासाठी जेनेरिक-नोडीबग. साध्या जेनेरिकमध्ये मेनवर विटनेस आणि इन्व्हेरियंट्स ह्या चुका पकडणाऱ्या तपासण्या चालू असतात, मशीन रांगतं. पण पॅनिक पकडायचा तर साधा जेनेरिकच लावा, आरसी.कॉन्फ मध्ये डंपडेव्ह='ऑटो', पुढच्या बूटला /व्हर/क्रॅश मध्ये कोअर.टीएक्सटी मिळेल. बगझिलावर (बग नोंदवायची साइट) त्यातला बॅकट्रेस (कोसळताना काय चालू होतं त्याचा माग), यूनेम -ए ची पूर्ण ओळ आणि शेवटचा चांगला हॅश हे तिन्ही द्या, बायसेक्टला तेवढंच लागतं.

मे महिन्यात 'कोअरटेम्प' लोड करून तापमान पाहत जा. ९० च्या वर राहत असेल तर 'पॉवरडी -एम १६००' नं वेग बांधा. हा एम कॅपिटल घ्या, लहान एम किमान वेगाचा आहे. कापूस वेचणीनंतर पंख्याच्या जाळीत तंतू बसतात, ते ब्रशनं काढा. कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका, दमट हवेत ते तंतू चिकटून थर होतो.