सिन्नर नेमकं कोणी वसवलं, गवळी राजाने की यादवांनी?

सरस्वतीकाठची
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतली पोरं नवरात्रात सिन्नरच्या इतिहासाचं छोटंसं प्रदर्शन लावणारेत आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्याच फलकावर अडकलेय. लहानपणापासून ऐकलंय की राव शिंगुणी नावाच्या गवळी राजाने गाव वसवलं आणि त्याच्या मुलाने, राव गोविंदाने, दोन लाख रुपये खर्च करून गोंदेश्वराचं देऊळ बांधलं. 1883 च्या जिल्हा गॅझेटिअरमध्येपण हीच गोष्ट दिलीय. पण पोरांचे सर म्हणतात की गाव यादवांचं, सेऊणचंद्राचं, गवळी वगैरे दंतकथा. मग लिहू काय? आणि दुसरं म्हणजे राजधानी इथून देवगिरीला गेली तरी गाव ओस कसं पडलं नाही, हे मला खरंच समजून घ्यायचंय, कारण फलकावर सगळे राजेच राजे लिहायचे आणि गावातली माणसं कुठेच नाहीत असं नको वाटतं.

ताम्रपट_वाचक
ताई, सरांचं बरोबर आहे पण गवळ्याची गोष्ट टाकून देऊ नका. आधी क्रम बघा. यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार, त्याचं ठाणं चंद्रादित्यपूर, म्हणजे आपलं चांदवड असं मानतात. त्याचा मुलगा सेऊणचंद्र, त्याने सेऊणपूर नावाचं नगर वसवलं असं यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या व्रतखंड या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत, म्हणजे राजवंशाच्या स्तुतीत येतं. हा काळ नवव्या शतकातला, तेव्हा हे लोक राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, मोठे सम्राट वगैरे नव्हे. ते सेऊणपूर म्हणजेच सिन्नर असं बरेच अभ्यासक धरतात. पण हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणजे तोही चारशे वर्षांनी मागे वळून लिहितोय हे लक्षात ठेवायचं. सिन्नरचं नाव लेखात येतं ते 1069 च्या ताम्रपटात, तिथे ते सिंदिनेर असं आहे.

आता राव शिंगुणी. त्या गोष्टीत बाप गाव वसवतो आणि मुलगा देऊळ बांधतो. पण गोंदेश्वर अकराव्या-बाराव्या शतकातलं, सेऊणचंद्र नवव्या. मधे निदान शंभर-दीडशे वर्षं जातात, तेव्हा ही बापलेकाची जोडी पहिल्या वसाहतीची असू शकत नाही. आणि दोन लाख रुपये म्हणाल तर रुपया हे नाणं शेरशाहच्या वेळचं, सोळाव्या शतकातलं, यादवांच्या काळात गद्याण, द्रम्म असली नाणी चालायची, त्यामुळे तो आकडा नंतरच्या सांगणाऱ्यांनी आपापल्या काळाच्या हिशोबात बसवलेला दिसतो. पण यादव स्वतःला कृष्णाच्या वंशातले, द्वारकेहून आलेले म्हणवून घ्यायचे. कृष्णाच्या कुळातला राजा लोकांच्या तोंडी गवळी राजा होणारच. महाराष्ट्रात कुठेही जुनं दगडी देऊळ किंवा जुना किल्ला दिसला की म्हातारी माणसं गवळीराजाचं नाव घेतात, त्यामुळे माझ्या मते तुमच्या घरातली गोष्ट आणि सरांची गोष्ट एकाच आठवणीच्या दोन बाजू आहेत.

एक विनंती, गोंदेश्वरला फलकावर हेमाडपंती लिहिलंत तर हेमाद्रीने बांधलं असं लिहू नका. तो महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, देऊळ त्याच्या आधीचं. मधे शिव आणि कोपऱ्यांत चार लहान देवळं, विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य, असं पंचायतन आहे आणि शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचत वर नेलेलं. आणि सगळे गोंदेश्वर बघून परत फिरतात, गावातलं दुसरं जुनं देऊळ, ऐश्वर, राहून जातं. छोटं आहे पण कोरीवकाम डोळे भरून बघण्यासारखं. पोरांना दोन्ही दाखवा.

पाटपाणी
ओस का नाही पडलं याचं उत्तर पाण्यात आणि रस्त्यात आहे असं मला वाटतं. आपल्या तालुक्याचा पूर्व भाग आजही टँकरवर असतो, पण गाव सरस्वती आणि देवनदीच्या आधाराने बसलंय. देवनदीवर जुने वळणबंधारे आहेत, बंधाऱ्याने पाणी अडवायचं, पाटाने वळवायचं आणि पाळीपाळीने रानात घ्यायचं. माझ्या आज्याच्या तोंडी पाटाच्या पाळ्या पाठ असायच्या, कोणाची पाळी कधी यावरून भांडणं व्हायची आणि मिटायचीही. राजा गेला तरी पाट राहतो ना, आणि पाट राहिला की बागाईत करणारा कुणबी कुठे जाणार.

रस्त्याचं म्हणाल तर नाशिकहून संगमनेर, पुढे जुन्नर आणि नाणेघाट उतरून कोकण, या वाटेवर सिन्नर आहे. नाशिकपासून तीसेक किलोमीटर, म्हणजे बैलगाडीच्या जमान्यात मुक्काम इथेच. शके 922 चा, म्हणजे 1000 सालचा दुसऱ्या भिल्लमाचा ताम्रपट संगमनेरलाच सापडलाय, याच वाटेवर. भिल्लम पाचव्याने 1187 च्या सुमारास देवगिरीला राजधानी नेली ती त्याला मोठं राज्य करायचं होतं म्हणून. वाट तर तिथेच राहिली.

येवलेकर
आमच्याकडे उलट आहे. येवला वसवणारा म्हणून रघोजी नाईक हे एकच नाव सगळे घेतात आणि त्यांनी बाहेरून विणकर आणून बसवले ही आठवणही गावात जिवंत आहे. पैठणी त्यातूनच पुढे आली. मालेगावात 1740 ला नारोशंकराने किल्ला बांधायला काढला आणि कारागीर लोक आले ते तिथेच राहिले. इगतपुरीचं आजचं रूप तर रेल्वेनेच घडवलं, थळ घाट 1865 ला सुरू झाला आणि इंजिनं, शेड, कामगार असं सगळं वर आलं. तुमचं सिन्नर इतकं जुनं आहे की एक माणूस शोधत बसण्यापेक्षा कोण कोण येऊन बसलं ते शोधा, असं मला वाटतं.

सरस्वतीकाठची
खूप आभार सगळ्यांचे, रुपयाचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नसता! येवलेकर, तुमचं पटलं. पण सामान्य माणसं येऊन बसली याची नोंद कुठे मिळेल? राजांचे ताम्रपट आहेत, कुंभार-सुताराचं काय?

मोडी_शिकतोय
आहे ना, ताम्रपटात नाही पण दप्तरात आहे. मध्ययुगात गाव नव्याने लावायचं असलं की सरकार कौल, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन, द्यायचं. पहिल्या वर्षी सारा अगदी कमी, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण दरावर न्यायचा, त्याला इस्तावा म्हणायचे. बी-बियाणं, बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळायची. पेठ वसवायची तर शेटे-महाजनांकडे, म्हणजे पेठेच्या वतनदारांकडे, काम असायचं, वाणी, कासार, तेली, साळी यांना बोलावून घर बांधायला जागा द्यायची, काही वर्षं जकातीत सूट द्यायची. बलुतेदाराला इनाम जमीन किंवा सुगीचा वाटा ठरायचा. म्हणजे वसवणं ही एकदाच होणारी गोष्ट नसून पुन्हापुन्हा करावी लागायची. 1630 चा मोठा दुष्काळ झाला, मग 1803-04 ला होळकरांची लुटालूट आणि दुष्काळ एकदमच, नाशिक भागातली कितीतरी गावं तेव्हा रिकामी झाली आणि मग परत लोक आणून बसवावे लागले. आज आपण ज्यांना मूळ गावकरी म्हणतो त्यातली बरीच घराणी अशा कौलांवर आलेली असणार.

शोधायचं तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात नाशिक प्रांताची रुमालं, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आहेत, मोडी वाचणारा सोबत घ्या. आणि जवळचं काम म्हणजे भूमी अभिलेखच्या कार्यालयात गावठाणाचा जुना नकाशा बघा, त्यात गल्ल्यांची आणि आळ्यांची जुनी नावं असतात. त्यानंतर त्याच आळ्यांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारा की तुमचा कुळदेव कुठला, त्यावरून घराणं कुठून आलं याचा अंदाज येतो.

ताम्रपट_वाचक
हे भारी सांगितलं. ताई, पहिल्या फलकावर स्थापनेचं साल टाकू नका. असं लिहा की नवव्या शतकात सेऊणचंद्राने वसवलेलं सेऊणपूर ते हेच असं मानतात, ताम्रपटात नाव 1069 ला येतं, आणि लोक मात्र राव शिंगुणी गवळ्याचं नाव घेत आलेत. तिन्ही गोष्टी शेजारीशेजारी राहू द्या. दुसरा फलक पूर्ण आळ्यांचा करा, सुतारआळी, कुंभारवाडा, नकाशात जे सापडेल ते, आणि त्या त्या आळीतल्या एकेका घराला विचारून पोरांनाच लिहू द्या.

सरस्वतीकाठची
दुसऱ्या फलकाची आयडिया फायनल. पोरांना उद्याच नकाशासाठी पाठवते. पाटपाणी, देवनदीच्या बंधाऱ्यांचे जुने फोटो घरात असतील तर प्लीज इथे टाका, तिसरा फलक पाटाचाच करू आणि पाळ्या कशा ठरायच्या तेही तुमच्याकडूनच लिहून घेऊ.