मदत हवी आहे: आप्पांचं चष्म्याचं दुकान, कंपनीचं मशीन आणि ३ वर्षांचा करार

चष्मेवाली_चोपडा

नमस्कार मंडळी,

मी चोपड्याची. बाजारपेठेत आमचं चष्म्याचं दुकान आहे, आप्पांनी १९९१ साली सुरू केलेलं. मी पुण्याला ऑप्टोमेट्री (डोळे तपासून नंबर काढायचं शिक्षण) केली, तिथेच ३ वर्षं नोकरी केली आणि दीड वर्षापूर्वी घरी परत आले. आता नंबर मी काढते. काच मात्र अजूनही आप्पाच घासतात, हातमशीनवर. त्यांच्या हाताला तोड नाही, पण वय ६४ झालंय आणि त्यांच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय.

या दिवाळीपासून गिऱ्हाईक कमी झालंय. देशभर दुकानं असलेल्या एका साखळीचं दुकान आमच्या रस्त्यावर येतंय, फर्निचरचं काम चालू आहे. कॉलेजची पोरं तर आधीपासूनच मोबाइलवर चष्मा मागवतात. वर सप्टेंबर २०२५ मध्ये काच आणि फ्रेमवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ते चांगलंच झालं, पण जुना माल जुन्या भावाने भरलेला होता आणि प्रत्येक माणूस 'आता स्वस्त झालं ना ताई?' म्हणत पायरी चढायचा.

अशात मागच्या आठवड्यात एका लेन्स कंपनीचा प्रतिनिधी आला. त्याचं म्हणणं असं: काच कापायचं ऑटोमॅटिक मशीन कंपनी देईल, दुकानाचा बोर्डही नवा करून देईल. बदल्यात ३ वर्षं दरमहा ६० हजारांच्या लेन्स त्यांच्याकडूनच घ्यायच्या. एखाद्या महिन्यात कमी पडलं तर फरक अनामत रकमेतून वळता होणार. दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायला मनाई नाही, पण दर्शनी भागात नको.

"ताई, स्पर्धा फार वाढलीय, कुणाचा तरी हात धरावाच लागेल," असं तो म्हणाला. त्या रात्री मी फळीवरच्या डब्यांवरची नावं वहीत लिहून काढली, कोणाची कोणाशी स्पर्धा आहे ते कळावं म्हणून. फ्रान्सची एसिलॉर आणि इटलीची लक्झोटिका २०१८ मध्ये एक झाल्या. म्हणजे व्हॅरिलक्स, क्रिझाल, ट्रान्झिशन्स या काचा आणि रे-बॅन, ओकली, व्होग या फ्रेमा, सगळं एकाच घरचं. कोडॅक नावाची काचही त्याच घरची. फास्टट्रॅकची फ्रेम आणि टायटन आयप्लसचं दुकान, दोन्ही टायटनचं. व्हिन्सेंट चेस आणि जॉन जेकब्स ही लेन्सकार्टची स्वतःची नावं. जर्मनीची झाइस आणि जपानची होया या मात्र खरोखर वेगळ्या. गिऱ्हाइकासमोर मी तीन डबे ठेवते, तो त्यातून एक निवडतो आणि पुष्कळदा तिन्हींचा पैसा एकाच तिजोरीत जातो. हे लक्षात आल्यावर मला खरंच झोप लागली नाही.

आमचं गिऱ्हाईक कसं आहे तेही सांगते. केळीच्या बागांत आणि जिनिंगमध्ये काम करणारी माणसं, शाळेतले गुरुजी, चाळिशी लागलेले दुकानदार आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून बुधवारी येणारे आदिवासी बांधव. परवा एक आजी आल्या. "पोरी, माले सुईमा दोरा टाकता येत नही," एवढंच म्हणाल्या. त्यांना ना कोटिंग हवं होतं, ना कंपनी. त्यांना जवळचा साधा चष्मा दिला आणि दुकानातच सुई ओवून दाखवायला लावली. असं गिऱ्हाईक धरून दरमहा ६० हजारांची ब्रँडेड काच खपेल का? मोसमात खपेल. उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की दुपारभर बाजारपेठेत माणूस दिसत नाही, तेव्हा नाही खपणार.

करार करावा का? कुणी केला असेल तर अनुभव सांगा. आणि साखळीच्या दुकानाशेजारी टिकायचं कसं, यावरही मोकळेपणाने लिहा. आप्पांना अजून करार वाचून दाखवलेला नाही.

---

तापीकाठ

ताई, मी शिरपूरचा, याच धंद्यात. असाच करार मी ४ वर्षांपूर्वी केला होता. मशीन उत्तम होतं, त्यात खोट नाही. पण दोन गोष्टी सही केल्यानंतर कळल्या. एक, मशीनची मालकी शेवटपर्यंत कंपनीचीच राहते आणि त्यातलं डायमंड व्हील, म्हणजे काच घासणारं चाक, बदलायचा खर्च आपला. दुसरी, टार्गेट गाठायला आपण नकळत बदलतो. ज्याला साध्या १.५६ इंडेक्सच्या काचेने भागतं त्याला महागडी १.६७ ची दाखवायला लागतो (हा आकडा जितका मोठा तितकी काच पातळ). नंबर दीडचा असताना पातळ काचेचा त्याला काय उपयोग? मी हे केलं आणि मला ते आजही टोचतं. गावात माणूस आपल्या तोंडाकडे बघून पैसे देतो.

मुदत संपल्यावर सोडलं. एक वापरलेलं मशीन घेतलं, हप्ते फेडले. आता दोन लॅबकडून माल घेतो, एकीने उशीर केला तर दुसरी आहे. लॅबमधून आलेली प्रत्येक काच लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) तपासल्याशिवाय फ्रेमला लावत नाही.

---

मुळा_मुठा

मी या धंद्यातली नाही, गिऱ्हाईक आहे. माहेर अमळनेर, राहते पुण्यात. माझे चष्मे मी ऑनलाइनच मागवते आणि खरं सांगते, मला कधी त्रास झाला नाही. घरी येतो, एकावर एक मिळतो, आवडला नाही तर परत घेतात. छोट्या दुकानात भाव विचारला की आधी कपड्यांकडे बघून मग सांगतात, हा अनुभव मी घेतलेला आहे. साखळीच्या दुकानात भाव पाटीवर लिहिलेला असतो. तुमच्या दुकानात असतो का?

आईचं मात्र वेगळं. तिचा प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला) चष्मा मागवला तर जिना उतरताना तिला पायरी वर-खाली दिसायची. तीन महिने चष्मा कपाटात पडून होता. शेवटी अमळनेरच्याच दुकानदाराने नाकाची पॅड वाकवून, दांड्या कानामागे बसवून तो सरळ केला. दहा मिनिटांचं काम होतं. चष्मा त्याच्याकडून घेतलेला नसूनही त्याने पैसे घेतले नाहीत.

---

चष्मेवाली_चोपडा

@मुळा_मुठा, भावाचा मुद्दा मनाला लागला. नाही, आमच्याकडे भाव लिहिलेला नसतो. आप्पा माणसाची परिस्थिती बघून कमी करतात, म्हणजे गरिबाला कमी. पण समोरच्याला ते कसं कळणार? उद्यापासून लिहिते.

आईंच्या चष्म्याचं असं की प्रोग्रेसिव्हमध्ये लांबचा नंबर वर, जवळचा खाली आणि मधला पट्टा अरुंद. बुबुळ फ्रेममध्ये किती उंचीवर येतं ते तीच फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून मोजावं लागतं. २-३ मिलिमीटर चुकलं की पायरी हलते. असा पहिला यशस्वी चष्मा १९५९ मध्ये व्हॅरिलक्स नावाने आला. तेव्हापासून काच कितीतरी सुधारली, पण मोजायला आजही समोर माणूस बसलेला लागतो.

साध्या चष्म्यातही तेच. अडावदचा एक मुलगा डोकं दुखतं म्हणून आला. नंबर उणे ६, चष्मा बाहेरून मागवलेला. दोन बुबुळांमधलं अंतर ६४ आणि काचांच्या केंद्रांमधलं ६९. पाच मिलिमीटरचा फरक आणि ६ चा नंबर म्हणजे दोन्ही डोळे मिळून ३ प्रिझम झाले (काच नजर किती बाजूला खेचते त्याचं हे माप). ती खेच भरून काढण्यात डोळ्यांचे स्नायू दिवसभर झिजत होते. मुलगा वर्षभर डोकेदुखीच्या गोळ्या खात होता. काच चांगल्या प्रतीची होती आणि नंबरही बरोबर होता.

@तापीकाठ दादा, तुमचं वाचून पोटात कालवलं. तुमचं वापरलेलं मशीन कोणत्या बनावटीचं आहे? दुरुस्तीला माणूस कुठून येतो?

---

नेत्रसेवक_धुळे

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. दोनच गोष्टी सांगतो.

स्पर्धा वाईट नसते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची लेन्स एकेकाळी परदेशातूनच यायची आणि गरिबाला परवडायची नाही. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारात ऑरोलॅब उभी राहिली आणि तीच वस्तू इथे अगदी थोड्या किमतीत बनू लागली. आज माझ्याकडे शहाद्याचा शेतमजूर लेन्स बसवून घरी जातो त्यामागे ते आहे. पण साधी लेन्स बसवली की त्याला जवळचा चष्मा लागतोच, आणि तो त्याला तुमच्यासारख्याच दुकानात मिळतो. कोणत्याही कंपनीचा प्रतिनिधी त्या चष्म्याबद्दल बोलायला येत नाही, कारण त्यात सुटत काही नाही.

दुसरी गोष्ट ब्लू कटची, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेची. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण त्या काचेने निदान थोड्या मुदतीत तरी कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. तरी सगळ्या कंपन्या ती रेटून विकतात. तुम्ही ती भीती घालून विकू नका. त्याऐवजी आपल्या भागात ज्याची खरी गरज आहे ते विका. ऊन आणि धुळीत राबणाऱ्या माणसांच्या बुबुळावर पडदा चढलेला मी रोज बघतो. दुचाकीवर आणि शेतात घालायला अतिनील किरण अडवणारा, बाजूने झाकणारा साधा गॉगल त्यांना हवा आहे. लहान मुलांना आणि वेल्डिंगवाल्यांना पॉलिकार्बोनेटची (चिवट प्लास्टिकची) काच द्या, ती सहज फुटत नाही. वेल्डिंग करताना मात्र त्यावर वेल्डिंगची काळी काच हवीच, हे बजावून सांगा. आणि वडिलांना डोळा दाखवायला घेऊन या.

---

तापीकाठ

ताई, मशीन कोरियन आहे. दुरुस्तीवाला सुरतहून येतो, फोन केला की दोन-तीन दिवसांत. डॉक्टरसाहेबांचं पटतं. गॉगलचं मी गेल्या वर्षी केलं, केळी भरणाऱ्या टोळीच्या मुकादमाने एकदम वीस नेले. नफा थोडा, पण त्यातले सात-आठ जण नंतर नंबर काढायला आले.

---

चष्मेवाली_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आप्पांना करार वाचून दाखवला, हा धागाही. दादा, तुमचं 'नकळत बदलतो' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "चौतीस वर्षं मी माणसाला जेवढं लागतं तेवढंच दिलं. आता महिनाअखेर बघून देऊ का?"

आज प्रतिनिधीला 'नाही' असं कळवलं. टार्गेट आणि अनामत काढून फक्त लेन्सचा व्यवहार ठेवायचा असेल तर या, असंही सांगितलं. तो विचारून सांगतो म्हणाला. भावपत्रक लिहायला घेतलंय: काच, कोटिंग, फिटिंग वेगवेगळं मांडून. कुठूनही घेतलेल्या चष्म्याचं अंतर आणि नंबर तपासून देऊ, अशी पाटीही लावतेय. समोरच्या दुकानाचे चष्मे आले तरी चालतील.

डॉक्टरसाहेब, आप्पांना घेऊन धुळ्याला येते, तुमचे तपासणीचे दिवस निरोपातून कळवा.

@तापीकाठ दादा, आप्पांचं म्हणणं आहे की मशीन चालताना बघितल्याशिवाय आणि त्यावर स्वतःच्या हाताने एक काच लावल्याशिवाय ते काही ठरवणार नाहीत. रविवारी शिरपूरला आलो तर चालेल का? उणे ६ ची एक जोडी आणि एक जुनी मेटल फ्रेम सोबत आणतो.